दहा राग आणि डिस्कोचा ठोका: चरणजीत सिंग यांचा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या ओळखीच्या एचएमव्हीने, मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांची एक रेकॉर्ड काढली. नाव होतं 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. नाव जे सांगतं तेच आत आहे. दहा राग, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा, सिंथेसायझरवर वाजवलेला आणि खाली डिस्कोचा ठोका. तबल्याला सुट्टी. तेव्हा ही रेकॉर्ड फारशी विकली गेली नाही. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली आणि जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या श्रोत्यांनी कान टवकारले, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यावर शिकागोत आकाराला आलेल्या 'ॲसिड हाउस' या नृत्यसंगीताशी तिचा आवाज विलक्षण जुळत होता.

आज कुणी नवा श्रोता या अल्बमपाशी येतो तो बहुधा दुसऱ्याच्या प्रतिक्रियेचं बोट धरून. 'हेच ॲसिड हाउसचे खरे जनक' असं वाचून आलेला माणूस पहिल्या दोन मिनिटांत थक्क होतो आणि तिसऱ्या रागापाशी त्याला सगळं सारखंच वाटायला लागतं. शास्त्रीय गाणं ऐकत वाढलेला मराठी श्रोता त्याहून लवकर थांबतो: 'यात राग कुठे आहे?' दोघांचंही ऐकणं अर्ध्यावर राहतं. ज्यांच्या कानात भूप आणि यमन लहानपणापासून आहेत आणि ज्यांनी वरातीतला डीजेचा ठोकाही छातीवर घेतला आहे, अशा श्रोत्यांना हा अल्बम सगळ्यात जास्त देऊ शकतो असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी थोडी तयारी मात्र लागते. ती कशी करायची, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: आधी फक्त एक बाजू ऐका

मूळ एलपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर पाच राग. पहिल्या बैठकीत पाचच ऐका. दहाही सलग लावले तर ठोका सारखाच राहत असल्यामुळे कान बधिर होतो आणि दोष अल्बमच्या माथी जातो. हेडफोन किंवा बरे स्पीकर हवेत. मोबाइलच्या स्पीकरवर खालच्या पट्टीतला ठोका जवळजवळ ऐकूच येत नाही आणि निम्मं संगीत तिथेच हरवतं. यूट्यूबवर ऐकत असाल तर खालच्या प्रतिक्रिया या टप्प्यावर वाचू नका. त्यांची पाळी नंतर येणार आहे.

पायरी २: तीन यंत्रं कानाने ओळखा

या अल्बममधला बहुतेक आवाज जपानच्या रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांमधून येतो. ती वेगवेगळी ऐकू यायला लागली की गोंगाट संपतो आणि वाद्यवृंद सुरू होतो.

सगळ्यात सोपं टीआर-८०८. हे १९८० मध्ये आलेलं ताल-यंत्र. खोल, गोल, थोडा लांबत जाणारा 'धम्म' हा त्याचा ठोका. त्याच्यासोबत टाळीसारखा एक आवाज आणि झांजेसारखी चुरचुर. यात कुठल्याही खऱ्या ढोलाचं ध्वनिमुद्रण नाही, सगळं विजेच्या मंडलातून तयार होतं. पुढच्या काळात हिप-हॉपपासून आपल्याकडच्या रिमिक्सपर्यंत हा आवाज इतका पसरला की तुम्ही तो ओळखत नसलात तरी तुमच्या कानाला तो ठाऊक आहे.

दुसरं टीबी-३०३. ॲसिड हाउसचा सगळा वाद याच्याच आवाजाभोवती आहे, म्हणून इथे जरा थांबू. तादाओ किकुमोतो यांनी रचलेलं हे छोटं चंदेरी यंत्र १९८१ च्या अखेरीस बाजारात आलं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी एवढाच त्याचा हेतू. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा काही येईना. स्वर एकदा भरायचे, त्यांची लांबी वेगळी भरायची, हा प्रकारही किचकट. १९८४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

त्याची खरी ताकद निराळ्याच गोष्टींत होती. सोळा घरांचा एक साचा भरून तो फिरत ठेवता येतो. (सोळा म्हटल्यावर तीनताल आठवेल, पण इथली सोळा घरं चार ठोक्यांतच संपतात.) कुठल्याही स्वरावर जोर देता येतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. शिवाय आवाज गाळणारी एक चाळणी यंत्रात आहे. तिची बटणं फिरवली की तोच स्वर कधी दबलेला, कधी उघडा, कधी चिरकत वर जाणारा ऐकू येतो. अल्बममध्ये खालून सतत वळवळत राहणारी जी स्वरांची ओळ आहे, ती याची.

तिसरं ज्युपिटर-८. एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा, १९८१ मध्ये आलेला महागडा सिंथेसायझर. रागाची मुख्य चाल यावर आहे. त्यातही स्वर घसरवायची आणि वाकवायची सोय आहे, आणि सिंग यांनी ती भरपूर वापरली आहे. सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य गेलेल्या माणसाचे हात इथे स्पष्ट दिसतात. राहुलदेव बर्मन यांच्या 'दम मारो दम'मधला ट्रान्झिकॉर्ड (ॲकॉर्डियनसारखं इलेक्ट्रॉनिक वाद्य) याच चरणजीत सिंग यांचा. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडेही त्यांनी वाजवलं.

सराव असा करा: एकच राग लावा. पहिल्यांदा फक्त ठोक्याकडे कान द्या, दुसऱ्यांदा फक्त खालच्या वळवळत्या ओळीकडे, तिसऱ्यांदा फक्त चालीकडे. चौथ्यांदा लावाल तेव्हा तिघं आपोआप वेगळे ऐकू येतील.

पायरी ३: राग शोधा, पण योग्य ठिकाणी

सुरुवात भूपापासून करा. अल्बमवर तो 'भूपाली' नावाने आहे. सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. इतके कमी आणि इतके ओळखीचे स्वर की यंत्रावरसुद्धा चेहरा लपत नाही. ऐकताना एक प्रश्न स्वतःला विचारा: भर गंधारावर आहे की धैवतावर? हेच पाच स्वर घेऊन धैवताला मान दिला की देसकार होतो. वादक राग वाजवतोय की नुसती पाच स्वरांची पट्टी, याची परीक्षा तिथे होते.

मग मालकंस. रे आणि प नाहीत, ग, ध, नी कोमल. बैठकीत मध्यरात्रीच्या आसपास गंभीरपणे उलगडणारा राग इथे नाचऱ्या ठोक्यावर येतो. गंभीर राग उडवून लावला असं म्हणून पुष्कळ श्रोते इथे नाराज होतात. मला स्वतःला मालकंस या यंत्रांना सर्वांत जास्त मानवलेला वाटतो. मंद्रातल्या चालीला ३०३ च्या घसरत्या स्वरांनी जो काळोख येतो, तो रागाच्या स्वभावाच्या जवळचा आहे. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण ते दोनदा ऐकून झाल्यावर बनू द्या.

ललत थोडा अवघड. पंचम नाही आणि दोन्ही मध्यम शेजारी शेजारी लागतात. पाश्चात्त्य श्रोत्याला ही जवळीक अनोखी, जवळजवळ परग्रहावरची वाटते, आणि अल्बमविषयीच्या कौतुकात तो भाव वारंवार दिसतो. आपल्याला ते ललताचं नेहमीचं अंग म्हणून ओळखता येतं. इथे आपल्या कानाचा फायदा होतो: अनोखेपणातलं किती रागाचं आणि किती यंत्राचं, हे आपण वेगळं काढू शकतो.

तोडीवर मात्र तक्रार रास्त आहे. तोडीचा गंधार पेटीच्या कोमल गंधारापेक्षाही उतरलेला आणि झुलता असतो. ज्युपिटर-८ ची पट्टी बारा समान भागांची. स्वर वाकवून थोडी भरपाई होते, पण तो गंधार पूर्ण सापडत नाही. ही तक्रार नवी नाही. हार्मोनियमला श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म फरक) दाखवता येत नाहीत आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं) घेता येत नाही, या कारणावरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. तरी महाराष्ट्रात पेटीशिवाय नाट्यसंगीताची कल्पना कुणी केली नाही. सिंथेसायझरविषयीची नाराजी त्या जुन्या वादाच्या ओळीत ठेवून पाहिली की ती समजून घेता येते आणि तिचं वजनही नीट कळतं. एका बाबतीत तर हे यंत्र पेटीच्या पुढे आहे: याला एका स्वरातून दुसऱ्यात घसरता येतं.

आता काय शोधू नका ते सांगतो. आलाप नाही. बढत, म्हणजे रागाचा हळूहळू होणारा विस्तार, नाही. पाच मिनिटांत ती मागणंही बरोबर नाही. आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, नाही. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण आपल्याकडच्या 'सपाट वाटलं' या प्रतिक्रियेचं मूळ बहुतेक वेळा तिच्यात असतं. तबल्याच्या ठेक्यात भरी आणि खाली असते, आवर्तन फिरून समेवर येतं आणि आपली मान आपोआप हलते. डिस्कोमध्ये प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाचा ठोका पडतो. समेची वाट पाहत बसलेला कान निराश होतो. नाचणाऱ्या शरीराला मात्र नेमकं हेच हवं असतं, कारण त्याला कुठल्याही मात्रेवर शिरता येतं.

मग आधार कशाचा घ्यायचा? ३०३ च्या ओळीचा. तबल्याच्या सोलोत किंवा कथकमध्ये लेहरा धरलेला असतो ना, एकच सुरावट न कंटाळता फिरत राहते आणि वेळेचं भान सांभाळते. ती जागा इथे ३०३ ने घेतली आहे. लेहऱ्याकडे जसं आपण अर्धं लक्ष ठेवतो तसं तिच्याकडे ठेवा आणि चालीकडे उरलेलं. मला हा अल्बम उघडला तो या रीतीने.

पायरी ४: आता लोकांच्या प्रतिक्रिया वाचा

इथून पुढे दुसऱ्यांची मतं कामाची आहेत, कारण तुमच्याकडे ताडून पाहायला स्वतःचं ऐकणं आहे. वाचताना प्रत्येक प्रतिक्रियेला एकच प्रश्न विचारा: हा माणूस कशाची वाट पाहत होता?

१९८२ च्या भारतीय श्रोत्याचं आधी बघू. 'कुर्बानी' सिनेमा १९८० मध्ये येऊन गेला होता, पाकिस्तानी गायिका नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम १९८१ मध्ये घरोघरी पोचला होता. डिस्को म्हणजे गाणं, आणि गाणं म्हणजे शब्द आणि गळा. वाद्यसंगीताच्या रेकॉर्डी खपत, पण त्या गाजलेल्या फिल्मी चालींच्या: गिटारवर, ॲकॉर्डियनवर, आणि श्रोता मनात शब्द म्हणत असे. सिंग यांनी स्वतः तशा रेकॉर्डी केल्या होत्या. या वेळी त्यांनी फिल्मी चाल दिलीच नाही. सिनेमात डिस्कोचा सुळसुळाट आहे, तर त्याच ठोक्यावर राग का वाजवू नयेत, असा विचार केल्याचं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं. डिस्कोवाल्याला त्यात गाणं सापडलं नाही, रागवाल्याला मैफल सापडली नाही. रेडिओवर काही भाग वाजला, पण बाजारात ती रेकॉर्ड मागे पडली.

दुसरी लाट २०१० ची. एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत ही रेकॉर्ड मिळाली. त्यांनी पुढे मुंबईत सिंग यांची भेट घेतली आणि आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर ती पुन्हा काढली. या वेळी ऐकणारे ॲसिड हाउसवर वाढलेले होते. ३०३ ची वळवळ त्यांच्या ओळखीची होती, तिच्यासाठी त्यांचे कान आसुसलेले होते. त्यामुळे आश्चर्य इतकं मोठं की काहींना हा बनाव वाटला: कुणीतरी आजच्या काळात रेकॉर्ड करून जुनी म्हणून खपवतंय. अशी शंका वाचलीत तर घाबरू नका, ती तपासता येते. तिन्ही यंत्रं १९८२ पर्यंत बाजारात होती. मूळ रेकॉर्ड एचएमव्हीची आहे. आणि वादक हयात होते. नंतरच्या वर्षांत, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी युरोपात जाऊन हे राग रंगमंचावर वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

तिसरा प्रकार 'पहिलं कोण' या भांडणाचा, आणि त्यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. शिकागोच्या फ्युचर या त्रिकुटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सवर आलं. सिंग यांची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची, हे खरं. पण शिकागोच्या त्या मुलांपर्यंत ती पोचल्याचा कुठलाही पुरावा नाही. दोन्ही लागोपाठ ऐका, फरक कानाला कळेल. 'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये ३०३ हाच नायक आहे. दहा मिनिटांहून जास्त वेळ एकच साचा फिरतो आणि बटणं फिरवत त्याचा रंग पालटत राहतो. चाल जवळजवळ नाहीच. सिंग यांच्याकडे ३०३ साथीला आहे, मान चालीचा आहे. यंत्र एक, घराणी दोन. 'सिंग यांनी ॲसिड हाउसचा शोध लावला' असं म्हणण्यात मला अडचण वाटते, कारण त्यामुळे त्यांनी केलेलं काम बाजूला पडतं आणि न केलेल्या कामाची पावती मिळते.

याच संदर्भात 'चुकून लागलेला शोध' असा शब्दप्रयोगही तुम्हाला भेटेल. तो मला खटकतो. अनेक वर्षं स्टुडिओत घालवलेला वादक, नवी कोरी महागडी यंत्रं मिळवतो, ती एकमेकांशी जोडून एका लयीत चालवतो, दहा राग निवडतो, तबला काढून टाकतो. यातला एकही निर्णय चुकून झालेला नाही.

फ्युचरच्या ध्वनिफितीची एक हकीकत इथे सांगायलाच हवी. प्रसिद्ध होण्याआधी ती शिकागोच्या म्युझिक बॉक्स क्लबात रॉन हार्डी या डीजेने वाजवली. त्रिकुटातले डीजे पिअर सांगतात की पहिल्यांदा लावली तेव्हा नाचणारे बाजूला झाले. हार्डीने ती त्याच रात्री पुन्हा लावली, मग पुन्हा, आणि चौथ्या वेळेला लोक बेभान झाले होते. म्हणजे तिथेही पहिली प्रतिक्रिया नकाराचीच. फरक एवढाच की तिथे एक जागा होती, रात्रभर थांबणारी माणसं होती आणि हट्टाने चार वेळा लावणारा एक जण होता. १९८२ च्या मुंबईत रागांच्या या रेकॉर्डला असं काही लाभलं नाही. 'त्या काळच्या भारतीयांना कळलं नाही' असं कुणी लिहिलेलं वाचाल तेव्हा ही रात्र आठवा. चौथ्यांदा ऐकायची संधीच कुणाला मिळाली नव्हती.

पायरी ५: स्वतःची प्रतिक्रिया लिहा

लिहिल्याशिवाय ऐकणं पक्कं होत नाही, निदान अशा संगीताच्या बाबतीत तरी. वही घ्या, डावीकडे वेळ लिहा, उजवीकडे कानाला काय आलं ते. काय वाटलं ते सगळ्यात शेवटी. 'काळाच्या पुढचा अल्बम' हे वाक्य कुठल्याही जुन्या रेकॉर्डला चिकटवता येतं, म्हणून त्यातून काही कळत नाही. 'चाल वरच्या सा वर थांबली तेव्हा खालची ओळ एकटी उरली आणि मला पहिल्यांदा तिचे स्वर मोजता आले' हे वाक्य त्या एकाच जागेचं आहे. वाचणारा ती जागा शोधून तुमच्याशी वाद घालू शकतो. तसं लिहा.

न आवडलेलंही याच पद्धतीने लिहा. 'रागाची वाट लावली' असं लिहिण्याआधी कुठला स्वर, कुठल्या जागी, कसा लागायला हवा होता, ते सांगता येतंय का पाहा. सांगता आलं तर तुमची नाराजी फार मोलाची आहे, कारण परदेशातल्या बहुतेक समीक्षकांना ती जागा दिसलेलीच नाही. यमनमधला तीव्र मध्यम नीट ठेवला आहे का, मेघमल्हारातल्या रिषभाला मध्यमाचा स्पर्श आहे का, कलावतीचा कोमल निषाद उतरताना कसा येतो, यावर मराठीत कुणी बारकाईने लिहिलं तर ते वाचायला मी उत्सुक आहे.

शक्य असेल तर एखादा राग दोघांना वेगवेगळा ऐकवा: घरातल्या गाणं ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला, आणि ज्याला रागाचं नावही माहीत नाही अशा एखाद्या मित्राला. अल्बमविषयी आधी काहीच सांगू नका. पहिल्याने कुठे कपाळाला आठी घातली आणि दुसऱ्याचा पाय कुठे हलायला लागला, ते टिपून ठेवा.

पायरी ६: यानंतर काय ऐकायचं

'ॲसिड ट्रॅक्स' तर आलंच. त्यानंतर अहमदाबादकडे जा. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे केलेल्या ध्वनिफिती अनेक दशकं संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलाकार पॉल पुर्गस यांच्या शोधातून त्या बाहेर आल्या आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' या नावाने प्रसिद्ध झाल्या. 'भारतातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत' असा शिक्का कुणी सिंग यांच्या अल्बमवर मारलेला दिसला, तर हे काम त्याच्याही दहा-बारा वर्षं आधीचं आहे.

सावधगिरीची एक सूचना: या टेप्स नाचायला लावणाऱ्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी ठोका नाही, आधार धरायला लेहराही नाही, नुसता ध्वनी आकार बदलत राहतो. मालकंस आणि ललत चांगले मुरल्यावरच तिकडे वळा, आणि तिथेही आधी एकच रचना घ्या, चार वेळा ऐका, मग पुढची.